दहा हजारांतला एक जोड : एलएचसीच्या ३-४ विभागातील सप्टेंबर २००८ ची दुर्घटना

अतिसंवाहकता म्हणजे फार कमी तापमानाला काही पदार्थांचा विद्युत रोध नाहीसा होणे. तिच्याविषयीचे बहुतेक लेखन पदार्थाभोवती फिरते. कोणत्या संयुगाचे क्रांतिक तापमान (ज्याच्या खाली ते अतिसंवाहक होते) किती, ते किती चुंबकीय क्षेत्र सोसते, त्याची लांब तार काढता येते का, हे प्रश्न महत्त्वाचे आहेतच. यंत्र उभे करताना मात्र आणखी एक प्रश्न पुढे येतो. तार कुठेतरी संपते, ती पुढच्या तारेला जोडावी लागते आणि त्या जोडाचे भवितव्य तांबे, डाख आणि कारागिराचा हात यांच्यावर ठरते. जिनिव्हाजवळच्या सर्न या युरोपीय कणभौतिकी संस्थेच्या लार्ज हॅड्रॉन कोलायडर (एलएचसी) या, कणांना प्रचंड वेग देणाऱ्या प्रवेगकात १९ सप्टेंबर २००८ रोजी झालेली दुर्घटना अशाच एका जोडापाशी सुरू झाली. अतिसंवाहक यंत्रांच्या इतिहासात इतक्या तपशिलाने नोंदलेल्या आणि जाहीरपणे मांडलेल्या दुर्घटना थोड्या आहेत, म्हणून व्यावहारिक उपयोगाच्या अभ्यासासाठी हे प्रकरण निवडले आहे.

यंत्र आणि त्यातील प्रवाह

एलएचसी फ्रान्स आणि स्वित्झर्लंडच्या सीमेवर जमिनीखाली सुमारे २७ किलोमीटर परिघाच्या वर्तुळाकार बोगद्यात आहे. प्रोटॉनांना वळणावर ठेवण्याचे काम १,२३२ द्विध्रुवी चुंबके करतात. प्रत्येक चुंबक सुमारे १५ मीटर लांब आणि ३५ टन वजनाचे आहे. पूर्ण क्षमतेला त्यातून ११,८५० अँपिअर प्रवाह जातो आणि ८.३३ टेस्लाचे क्षेत्र निर्माण होते. वेटोळी नायोबियम-टायटॅनियम या मिश्रधातूची आहेत. हा पदार्थ साधारण ९ केल्विनच्या (सुमारे उणे २६४ अंश सेल्सिअस) खाली अतिसंवाहक होतो, पण एवढ्या प्रवाहात आणि एवढ्या क्षेत्रात पुरेशी सुरक्षित मर्यादा राहावी म्हणून चुंबके १.९ केल्विनच्या अतिप्रवाही, म्हणजे घर्षणाविना वाहणाऱ्या, द्रव हेलियमात बुडवून ठेवली आहेत.

वर्तुळाचे आठ विभाग आहेत; ३-४ हा त्यांपैकी एक, वर्तुळावरच्या ३ आणि ४ या बिंदूंमधला. प्रत्येक विभागातील १५४ द्विध्रुवी चुंबके एकामागून एक जोडलेली आहेत, म्हणजे त्या सर्वांतून एकच प्रवाह वाहतो. अशा एका मंडलाचे प्रेरकत्व (प्रवाहातील बदलाला होणारा विरोध) १५ हेन्रीहून अधिक आहे. पूर्ण प्रवाहाला एका विभागात साठणारी चुंबकीय ऊर्जा १ गिगाज्यूलच्या पुढे जाते, आणि ही ऊर्जा क्षणात नाहीशी करता येत नाही. प्रवाह सुरक्षितपणे उतरवण्यासाठी मंडलात मोठे रोधक जोडावे लागतात आणि तेव्हाच्या रचनेत त्या उताराचा कालांक (प्रवाह सुमारे एक तृतीयांशावर येण्याचा काळ) सुमारे १०० सेकंदांचा होता.

एका चुंबकापासून दुसऱ्यापर्यंत प्रवाह नेणाऱ्या बसबारमध्ये अतिसंवाहक केबल तांब्याच्या जाड पट्टीत बसवलेली असते. दोन चुंबकांच्या मध्ये दोन्हीकडच्या केबलींची टोके सुमारे १२ सेंटीमीटर एकमेकांवर ठेवून, भोवती तांब्याचे तुकडे बसवून, कथील-चांदीच्या डाखाने तो जोड बोगद्यातच पक्का केला जातो. मुख्य मंडलांत असे दहा हजारांहून अधिक जोड आहेत. चांगल्या जोडाचा रोध १ नॅनो-ओहमच्या (ओहमच्या अब्जाव्या भागाच्या) एक तृतीयांशाच्या आसपास असतो, त्यामुळे ८,७०० अँपिअरलाही त्यात जेमतेम २६ मिलिवॅट उष्णता निर्माण होते. हेलियम ती सहज वाहून नेते.

संरक्षण कशाचे होते

अतिसंवाहक वेटोळ्याचा एखादा भाग किंचित तापून सामान्य अवस्थेत गेला की त्याला रोध येतो, रोधामुळे उष्णता वाढते आणि सामान्य झालेला भाग पसरत जातो. या घटनेला अभियंते ‘क्वेंच’ म्हणतात. क्वेंच हा अपघात नव्हे. नवे चुंबक पूर्ण प्रवाहाला नेताना ते काही वेळा क्वेंच होणारच, हे गृहीत धरलेले असते. एलएचसीत प्रत्येक चुंबकावर स्वतंत्र शोधक यंत्रणा होती आणि १०० मिलिव्होल्टचा रोधजन्य विद्युत दाब दिसताच ती कार्यरत होत असे. वेटोळ्यांवरच्या तापपट्ट्या पेटून संपूर्ण चुंबक एकदम सामान्य अवस्थेत नेत, म्हणजे ऊर्जा एका बिंदूवर न साचता सगळ्या वेटोळ्यात वाटली जाई, आणि उरलेल्या मंडलाचा प्रवाह डायोडमधून वळवला जाई. या तापपट्ट्यांना वीज देणारे हजारो संच भारतातून गेलेले आहेत आणि अणुऊर्जा विभागाच्या या सहभागात मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राचा वाटा आहे.

चुंबकांचे संरक्षण असे काटेकोर होते. चुंबकांना जोडणाऱ्या बसबारसाठी मात्र संपूर्ण विभागाला मिळून एकच शोधक होता आणि तो १ व्होल्टला जागा होणार होता. यामागे निष्काळजीपणा होता असे म्हणणे सोपे आहे, पण ते न्याय्य नाही. प्रवाह सेकंदाला १० अँपिअर या गतीने चढवताना १५४ चुंबकांवर मिळून दीडशे व्होल्टच्या आसपास प्रेरित दाब निर्माण होतो. त्या गोंगाटातून बसबारचा सूक्ष्म दाब वेगळा काढणे कठीण होते. शिवाय बसबारभोवती तांबे भरपूर असल्यामुळे तेथे क्वेंच झाला तरी प्रवाह तांब्यातून सुखरूप उतरेल असा हिशेब होता. तो हिशेब जोड चांगला असेल तरच बरोबर होता.

१९ सप्टेंबर

१० सप्टेंबरला प्रोटॉनांचा पहिला झोत जगभरच्या कॅमेऱ्यांसमोर वर्तुळातून फिरला होता. आपल्याकडच्या काही वृत्तवाहिन्या तेव्हा कृष्णविवराच्या भीतीत गुंतल्या होत्या, त्यामुळे त्या दिवशी नेमके काय तपासले गेले हे फारसे कोणी विचारले नाही. त्या झोतातील प्रत्येक प्रोटॉनची ऊर्जा ४५० गिगाइलेक्ट्रॉनव्होल्ट होती आणि त्यासाठी चुंबकांत साधारण ७६० अँपिअर पुरतात. उच्च प्रवाहाची चाचणी सर्व विभागांत पूर्ण झालेली नव्हती. ३-४ हा विभाग तोवर ७,००० अँपिअरपर्यंतच गेला होता. मला वाटते, उद्घाटन आधी झाले म्हणून दुर्घटना घडली असे म्हणता येणार नाही, कारण तो जोड कधीतरी निकामी होणारच होता. चाचणीचा क्रम पाळला असता तर ती घटना कॅमेरे येण्यापूर्वी घडली असती, इतकाच फरक पडला असता.

१९ तारखेला सकाळी ३-४ विभागाचा प्रवाह ९,३०० अँपिअरकडे नेला जात होता. यंत्रात झोत नव्हता आणि नियमाप्रमाणे बोगद्याच्या त्या भागात माणसे नव्हती. स्थानिक वेळेनुसार ११ वाजून १८ मिनिटांनी, प्रवाह ८,७०० अँपिअरवर असताना, एक द्विध्रुवी चुंबक आणि शेजारचे, झोत एकवटणारे चतुर्ध्रुवी चुंबक यांच्यामधल्या बसबारमध्ये रोध निर्माण झाला. मंडलात ३०० मिलिव्होल्टचा असंगत दाब दिसला आणि पुढच्या ०.३९ सेकंदात तो १ व्होल्टवर गेला. ०.४६ सेकंदाला वीजस्रोत बंद पडला आणि ०.८६ सेकंदाला ऊर्जा उतरवणारे रोधक मंडलात आले. या काळात एकाही चुंबकाच्या शोधकाने क्वेंच नोंदवला नव्हता, म्हणजे सुरुवात चुंबकात झालेली नाही, हे नोंदींवरूनच सिद्ध होते.

रोधक जोडले गेले तरी प्रवाह लगेच थांबणार नव्हता. जोड वितळून तुटला आणि हजारो अँपिअरचा प्रवाह त्या फटीतून विद्युत आर्कच्या, म्हणजे सलग पेटत्या ठिणगीच्या, रूपाने वाहू लागला. आर्कने हेलियमच्या पात्राला भोके पाडली आणि द्रव हेलियम भोवतालच्या निर्वात आवरणात शिरले. मंडलात त्या क्षणी सुमारे ६०० मेगाज्यूल ऊर्जा होती. विजेच्या मीटरवर मोजली तर ती १६५ युनिटांच्या आसपास भरते, म्हणजे एखाद्या मध्यमवर्गीय घराच्या महिन्याच्या बिलाइतकी. त्यातली सुमारे २७५ मेगाज्यूल आर्कमध्ये खर्च झाली. प्रमाण फार मोठे नव्हते. ती काही बोटांएवढ्या जागेत आणि द्रव हेलियमच्या शेजारी बाहेर पडली, यात सगळा अनर्थ आहे.

द्रव हेलियमचा सामान्य तापमानाला वायू झाला की आकारमान सातशेहून अधिक पट होते. निर्वात आवरणावरच्या सुरक्षा झडपा उघडल्या, परंतु त्या सेकंदाला २ किलो हेलियम बाहेर सोडण्याच्या हिशेबाने बसवलेल्या होत्या. प्रत्यक्षात तो वेग सेकंदाला २० किलोच्या घरात गेला, असा निष्कर्ष नंतर निघाला. आवरणातला वायूचा दाब १.५ बार या आखलेल्या मर्यादेच्या पुष्कळ वर चढला आणि आवरणाचे कप्पे वेगळे करणाऱ्या निर्वात-भिंतींवर प्रचंड रेटा आला. या भिंती ज्या चतुर्ध्रुवी चुंबकांच्या आवरणात होत्या, ती आवरणे आपल्या जॅकवरून ढकलली गेली आणि काही ठिकाणी जमिनीतल्या काँक्रीटमधले नांगर उखडले. एलएचसीच्या चुंबकांखालचे सुमारे ७,००० जॅक भारतात, इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्राच्या देखरेखीखाली बनलेले आहेत. अवजड चुंबकाचे वजन तोलणे आणि त्याला मिलिमीटरच्या अंशाने सरकवणे हे त्यांचे काम असते. असा आडवा रेटा कोणाच्याच आराखड्यात नव्हता.

सुमारे २ टन हेलियम झपाट्याने बोगद्यात गेले आणि एकूण ६ टन गमावले गेले. विभागात सगळे मिळून सुमारे १५ टन होते. प्रोटॉनांच्या नळ्यांमध्ये काजळी आणि उष्णतारोधक पापुद्र्यांचे तुकडे दूरवर पसरले. यांत्रिक नुकसान सातशे-आठशे मीटरपुरते असले, तरी नळ्या साफ करण्याचे काम त्याहून खूप लांब पल्ल्याचे झाले.

पुरावा आधीच होता

सर्नने फिलिप लेब्रन यांच्या अध्यक्षतेखाली तपासगट नेमला. गटापुढची पहिली अडचण अशी, की दोषी जोड शिल्लकच नव्हता, आर्कने त्याची वाफ केली होती. त्यामुळे त्या जोडात नेमकी कोणती चूक होती हे वस्तू पाहून सांगणे अशक्य होते आणि निष्कर्ष नोंदी, गणिती प्रतिकृती आणि उरलेल्या जोडांच्या तपासणीवरून काढावा लागला.

उपयोगी पडली ती तापमानाची नोंद. चार दिवस आधी, १५ सप्टेंबरला, हाच विभाग ७,००० अँपिअरवर काही काळ ठेवला होता. त्या वेळी दोषी जोड असलेल्या कप्प्यात हेलियमचे तापमान मिलिकेल्विनच्या मापात वर सरकले होते. त्या नोंदींचा हिशेब मांडल्यावर तेथे सुमारे १०.७ वॅट इतकी अनपेक्षित उष्णता निर्माण होत होती असे दिसले. उष्णतेला प्रवाहाच्या वर्गाने भागले की रोध मिळतो आणि तो आला २२० नॅनो-ओहम, म्हणजे चांगल्या जोडाच्या सहाशे पट.

मग ही खूण आधी का दिसली नाही? अतिप्रवाही हेलियम उष्णता इतक्या सहज वाहून नेते की एका बिंदूवरची उष्णता शंभराहून अधिक मीटरच्या कप्प्यात पसरून जाते. ज्या गुणासाठी हेलियम निवडले, त्याच गुणाने दोष झाकला. शिवाय १.९ केल्विन राखणारी नियंत्रण यंत्रणा झडप जास्त उघडून तापमान पुन्हा खाली आणत होती. ही तापनोंद शीतकरणाच्या लोकांसाठी ठेवलेली होती आणि विद्युत मंडलाचे आरोग्य तिच्यातून वाचावे असे तेव्हा कोणाच्या कामात नव्हते. संस्थात्मक दृष्टीने या प्रकरणातली ही सर्वांत लक्षणीय बाब आहे, असे मी मानतो.

विद्युत शोधकाची बाजूही आकड्यांत पाहण्यासारखी आहे. २२० नॅनो-ओहमवर ८,७०० अँपिअरचा प्रवाह असताना जोडावरचा दाब जेमतेम २ मिलिव्होल्ट भरतो. शोधकाचा उंबरठा १ व्होल्टचा, म्हणजे पाचशे पट वर होता. जोड तापून अनावर होईपर्यंत त्या यंत्रणेला काही कळणे शक्यच नव्हते.

तापमान वाचण्याची पद्धत हाती आल्यावर ती इतर थंड विभागांनाही लावली गेली. त्यात चुंबकांच्या आतले दोन सदोष जोड सापडले. एकाचा रोध १०० नॅनो-ओहमच्या आसपास आणि दुसऱ्याचा त्याच्या निम्मा होता. ती दोन्ही चुंबके बदलण्यात आली.

दुसरा दोष, जो थंडीत दिसत नाही

२००९ मध्ये दुरुस्तीसाठी जोड उघडले आणि तपासले जात असताना आणखी गंभीर गोष्ट लक्षात आली. जोडाची कामे दोन आहेत आणि ती स्वतंत्र आहेत. नेहमीच्या चालू अवस्थेत प्रवाह एका अतिसंवाहक केबलीतून दुसरीत जातो आणि त्यासाठी केबलींमधला डाख चांगला असला की पुरते. पण बसबार क्वेंच झाला तर केबल उपयोगाची राहत नाही, कारण नायोबियम-टायटॅनियम सामान्य अवस्थेत तांब्यापेक्षा पुष्कळ वाईट वाहक आहे. त्या वेळी प्रवाह भोवतालच्या तांब्यातून जावा लागतो. डाख भरताना जर तांब्याच्या पट्टीत आणि जोडावरच्या तांब्यात फट राहिली असेल, तर प्रवाहाला त्या फटीपुरता केबलीतूनच जावे लागते आणि तेवढी केबल शंभर सेकंदांचा उतार सोसू शकत नाही.

अशा फटी असलेल्या जोडाचा रोध १.९ केल्विनला मोजला तर तो अगदी निर्दोष, ०.३ नॅनो-ओहम येतो, कारण थंडीत सगळा प्रवाह केबलीतून जातो आणि तांब्याला कोणी विचारत नाही. तांब्याची फट मोजायची तर विभाग तापवावा लागतो. एक विभाग तापवून पुन्हा थंड करायला काही महिने जातात. २००९ मध्ये सर्व आठ विभाग तापवणे परवडणारे नव्हते, त्यामुळे काही विभागांतल्या तांब्याच्या स्थितीचा केवळ अंदाज करता येत होता.

त्यामुळे प्रश्न असा उभा राहिला : दहा हजारांपैकी सर्वांत वाईट जोड किती वाईट असू शकेल, आणि तो कोणत्या प्रवाहापर्यंत सुरक्षित राहील? सरासरी येथे निरुपयोगी होती. मालिकेत जोडलेल्या मंडलात एकच वाईट जोड पुरतो.

घेतलेले निर्णय

दुरुस्ती दोन टप्प्यांत झाली. पहिल्या टप्प्यात ३-४ विभागातली ५३ चुंबके, म्हणजे ३९ द्विध्रुवी आणि १४ चतुर्ध्रुवी संच, वर काढून दुरुस्त केली किंवा बदलली गेली. शेवटचे चुंबक ३० एप्रिल २००९ रोजी बोगद्यात उतरले. बसबारसाठी नवी शोधक यंत्रणा बसवली. तिने बसबारचे लहान लहान तुकडे करून प्रत्येकावर स्वतंत्र मापन सुरू केले आणि उंबरठा १ व्होल्टवरून ०.३ मिलिव्होल्टवर आणला. हीच यंत्रणा प्रत्येक जोडाचा रोध नॅनो-ओहममध्ये मोजू शकत होती, त्यामुळे पहिल्या प्रकारचा दोष यापुढे लपून राहणार नव्हता. तापवलेल्या विभागांत निर्वात आवरणावर मोठ्या सुरक्षा झडपा जोडल्या गेल्या आणि भिंती असलेल्या चुंबकांचे जमिनीतले आधार बळकट केले गेले.

दुसऱ्या प्रकारच्या दोषावर मात्र तेव्हा इलाज नव्हता, म्हणून ऊर्जा कमी ठेवण्याचे ठरले. २० नोव्हेंबर २००९ रोजी झोत पुन्हा फिरला. २०१० च्या आरंभी फ्रान्समधील शामोनी येथील कार्यशाळेनंतर ७ टेराइलेक्ट्रॉनव्होल्टच्या (१ टेरा म्हणजे १,००० गिगा) आराखड्यातील झोत ३.५ वर चालवायचा आणि नंतर दीर्घकाळ यंत्र बंद ठेवून सर्व जोड सुधारायचे, असा निर्णय झाला. निम्म्या ऊर्जेला प्रवाह ६,००० अँपिअरच्या आसपास राहतो, साठलेली ऊर्जा चौथ्या हिश्शावर येते आणि उताराचा कालांकही ५० सेकंदांवर आणता येतो. तिन्ही गोष्टी तांब्यातल्या फटीच्या बाजूने काम करतात.

या निर्णयावर त्या काळी टीका झाली. अमेरिकेतला टेव्हाट्रॉन हा प्रतिस्पर्धी प्रवेगक अजून चालू होता आणि स्पर्धेत मागे पडण्याची भीती खरी होती. आज मागे वळून पाहता तो निर्णय योग्यच वाटतो, आणि त्याचे कारण केवळ ४ जुलै २०१२ रोजी जाहीर झालेला हिग्ज बोसॉन हा मूलकण नव्हे, जो साधारण निम्म्या ऊर्जेवर, ३.५ आणि नंतर ४ टेराइलेक्ट्रॉनव्होल्टच्या झोतांवर सापडला. उपलब्ध मापनांतून सर्वांत वाईट जोडाविषयी जे सांगता येत होते, त्याच्या आत राहणे हा एकच बचाव करण्याजोगा पर्याय होता. हिग्ज सापडला नसता तरी हे मत बदलले नसते.

दुसरा टप्पा २०१३ च्या फेब्रुवारीत सुरू झाला आणि जवळपास दोन वर्षे चालला. दहा हजारांहून अधिक जोड एकेक करून उघडले गेले, अपेक्षेपेक्षा जास्त जोड पूर्ण सोडवून नव्याने डाखले गेले आणि प्रत्येकावर तांब्याच्या अतिरिक्त पट्ट्या बसवल्या गेल्या. डाखात फट असली तरी प्रवाहाला तांब्याचीच दुसरी वाट मिळावी, हा त्यामागचा विचार. कामाचे स्वरूप भौतिकशास्त्राच्या पुस्तकात शोभण्यासारखे नाही. घासणे, डाखणे, मोजणे, दुसऱ्याकडून तपासून घेणे आणि बंद करणे, असे ते होते.

२०१५ च्या वसंतात विभाग पुन्हा थंड करून ६.५ टेराइलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंत नेले गेले. त्यासाठी चुंबकांचे दीडशेहून अधिक क्वेंच झाले आणि ते सर्व संरक्षण यंत्रणेने अपेक्षेप्रमाणे हाताळले. ३-४ विभागात मार्चमध्ये एका डायोडपेटीपाशी धातूचा तुकडा अडकून जमिनीशी संपर्क झाला, तेव्हा विभाग तापवण्याऐवजी प्रवाहाचा क्षणिक झोत सोडून तो तुकडा जाळण्यात आला. जोडांनी मात्र पुन्हा त्रास दिला नाही. २०२२ पासून झोत ६.८ टेराइलेक्ट्रॉनव्होल्टवर चालला. ७ ला नेण्यातली अडचण आता चुंबकांच्या क्वेंचची आणि त्यासाठी लागणाऱ्या वेळेची आहे.

एलएचसीच्या पुढच्या सुधारणेत टक्करबिंदूंजवळ नायोबियम-टिनची चतुर्ध्रुवी चुंबके येत आहेत आणि त्यांना वीज पोहोचवण्यासाठी मॅग्नेशियम डायबोराइडच्या केबली आखल्या आहेत. त्या केबलीच्या थंड टोकाला नायोबियम-टायटॅनियम आणि दुसऱ्या टोकाला उच्च तापमानाचे अतिसंवाहक जोडावे लागतात. एकाच मार्गावर तीन वेगवेगळे अतिसंवाहक पदार्थ असल्यामुळे त्यांच्यामधल्या जोडांची रचना आणि चाचणी हा त्या प्रकल्पाचा स्वतंत्र भाग आहे.